नवं नाटक ओलं असताना पाहावं

शनिवारच्या पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडा आणि आपली नजर आधी कुठे जाते ते बघा. पहिल्यांदा फोटोवर. मग फोटोतल्या नटाच्या नावावर, आणि तो मालिकेतला असेल तर चेहऱ्यावरच काम भागतं. मग नाट्यगृह, वार, वेळ. लेखकाचं नाव खाली कुठेतरी बारीक अक्षरात असतं, आणि ते अनोळखी असलं की नजर तिथे थांबतच नाही. मीही कित्येक वर्षं नाटकं अशीच निवडली. अनोळखी लेखकाचं नवंकोरं नाटक बघायला वेगळी तयारी लागते आणि ती सवयीने येते, हे मला उशिरा कळलं.

जुनं गाजलेलं नाटक पाहायला जाताना निकाल आपल्या खिशात असतो. ते थोर आहे हे आधीच ठरलेलं असतं. आवडलं नाही तर आपलंच काही चुकलं असं वाटतं. नव्या नाटकाला ही सवलत मिळत नाही. त्याच्याबद्दल अजून कुणी काही ठरवलेलं नसतं. ते ठरवण्याची पाळी तुमची असते, तीही त्याच रात्री, अंधारात बसून.

भिंतीला गिलावा केला की तो ओला असेतोवर बोट लावलं तर ठसा उमटतो. वाळल्यावर नुसता हात फिरवता येतो. नवं नाटक असं ओलं असतं. प्रेक्षक कुठे हसला, कुठे चुळबुळला, कुठे त्याने श्वास रोखला, हे नट आणि दिग्दर्शक विंगेतून टिपत असतात. पुढच्या प्रयोगात एखादा पॉज लांबतो, एखादं वाक्य गळतं, रेंगाळणारा प्रवेश आवळला जातो. पहिल्या दहा-पंधरा प्रयोगांना बसलेला माणूस त्या नाटकाला हात लावून जातो. तो हात जाणता असावा, यासाठी पुढच्या पायऱ्या.

लेखकाचं नाव धरून शोधा

मुंबईत नवं नाटक मुख्यतः दोन वाटांनी येतं. एक व्यावसायिक वाट: दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत नाट्य मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास, पुढे ठाण्याचं गडकरी रंगायतन आणि घाणेकर. इथल्या नाटकांच्या जाहिराती पेपरात येतात. तिकीट ऑनलाइन मिळतं, पण शक्य असेल तेव्हा खिडकीवर जा. प्लॅनवर खुर्ची बघून घेता येते, आणि बुकिंगवरच्या माणसाला ‘नवीन काय लागलंय, कसं चाललंय?’ असं विचारलं तर बहुधा सरळ उत्तर मिळतं. दुपारी खिडकी बंद असते, तेवढं ध्यानात ठेवा.

दुसरी वाट प्रायोगिक नाटकांची. जुहूचं पृथ्वी, नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राचं एक्स्पेरिमेंटल थिएटर, प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिरातलं मिनी थिएटर, वर्सोव्याच्या आरामनगरमधल्या छोट्या छोट्या जागा. यांच्या जाहिराती पेपरात क्वचितच दिसतात. त्या त्या नाट्यसंस्थेला इन्स्टाग्रामवर फॉलो करणं, नाही तर त्यांच्या व्हॉट्सॲप यादीत नाव घालणं, हाच खात्रीचा मार्ग. नाटकाच्या शेवटी ‘नंबर देऊन जा’ असं म्हणतात तेव्हा खरंच नंबर देऊन जा.

एक तिसरी जागा आहे आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते: एकांकिका स्पर्धा. चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ दरवर्षी २५ जानेवारीच्या रात्री सुरू होते आणि प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत चालते. आज नाव नसलेला लेखक उद्या दोन अंकी नाटक घेऊन येतो, त्याची पहिली चाहूल अशा रात्री लागते. प्राजक्त देशमुख यांचं ‘संगीत देवबाभळी’ आधी एकांकिका होतं. २०१७ मध्ये ते पूर्ण नाटक होऊन व्यावसायिक रंगभूमीवर आलं. ज्यांनी एकांकिका पाहिली होती त्यांना मोठं नाटक बघताना एक जादाचा आनंद मिळाला: कुठे काय वाढलं, आणि ते का वाढवावं लागलं.

वहीच्या मागच्या पानावर लेखकांच्या नावांची यादी करा. मनस्विनी लता रवींद्र, इरावती कर्णिक, धर्मकीर्ती सुमंत, आशुतोष पोतदार, नाशिकचे दत्ता पाटील आणि प्राजक्त देशमुख, जालन्याकडचे राजकुमार तांगडे. सुरुवातीला एवढी नावं पुरे. एका लेखकाची तीन नाटकं लागोपाठ पाहिली की त्याचा कान कळतो, त्याची ओढ कळते, तो कुठे अडतो तेही कळतं. एका नटाची तीन नाटकं पाहून नाटक समजतंच असं नाही.

कितवा प्रयोग पाहायचा?

शुभारंभाचा प्रयोग सहसा टाळा. सभागृहात घरचे, स्नेही, इतर रंगकर्मी असतात. हशा आधी येतो, टाळी जास्त वाजते, आणि नाटक त्या मायेत थोडं झाकलं जातं. तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंतचा कुठलाही प्रयोग चांगला. तोवर पाठांतराची भीती गेलेली असते आणि सवयीची साय धरलेली नसते. नाटक मनात घर करून राहिलं तर पंचविसाव्याच्या आसपास पुन्हा जा. त्या दुसऱ्या भेटीबद्दल शेवटी बोलू.

आधी काय वाचायचं

कमीत कमी. ट्रेलर नको, परीक्षण नको. तीन गोष्टी पुरतात: लेखक कोण, दिग्दर्शक कोण, आणि नाटक स्वतंत्र आहे की कशावर आधारलेलं. बाकी कोरं राहा.

याला एक अपवाद आहे. नाटक एखाद्या काळाशी किंवा प्रसंगाशी घट्ट बांधलेलं असेल तर तो प्रसंग ठाऊक हवा. जयंत पवार यांचं ‘अधांतर’ १९९७ मध्ये आलं. त्याच्या मागे मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप उभा आहे. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. रंगमंचावर दिसते एका कामगाराच्या घरातली आई आणि तिची मुलं. संप त्या खोलीबाहेर होऊन गेलेला आहे. बाहेर काय घडलं हे ज्याला माहीत नाही त्याला ती नुसती भांडकुदळ भावंडं वाटू शकतात. आणखी एक गोष्ट इथे दिसते. संपानंतर पंधरा वर्षांनी आलेलं नाटक तेव्हा समकालीन होतं, कारण संपामुळे मोडलेली घरं तेव्हाही मोडलेलीच होती. ‘समकालीन’ या शब्दाचा कालच्या बातमीशी फार संबंध नसतो. लेखक आज कशाने अस्वस्थ आहे, तेवढं बघायचं.

कुठे बसायचं

मोठ्या नाट्यगृहात पाचवी ते आठवी रांग. पुढच्या दोन रांगांतून चेहरे दिसतात, पण माणसांमधलं अंतर दिसत नाही, आणि नाटकात अंतर फार बोलतं. पैसे बेताचे असतील तर बाल्कनीला नाक मुरडू नका. वरून रंगमंचाची जमीन दिसते, कोण कुणाकडे सरकतोय आणि कोण कुणापासून लांब जातोय याचा नकाशाच दिसतो. पृथ्वीत जेमतेम २०० खुर्च्या आणि तीन बाजूंना प्रेक्षक, त्यामुळे कुठूनही कुणाची तरी पाठ दिसणारच. ती पाठही वाचायला शिका. तिथे उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, म्हणून विलेपार्ल्याला रिक्षा मिळायला लागणारा वेळ धरूनच निघा.

फोन बंद करा. सायलेंट नव्हे, बंद. अंधारात उजळलेला एक फोन नटाला रंगमंचावरून दिसतो, आणि नव्या नाटकात नट अजून वाटेवरच असतो. त्याची वाट चुकते.

तिसऱ्या घंटेपासून पहिली दहा मिनिटं

पडदा उघडला की पहिल्या वाक्याची वाट बघत बसू नका. आधी नेपथ्य वाचा. दारं किती आहेत, कुठलं दार उघडं आहे, खिडकीतून काय दिसतं. घर असेल तर त्यात कोणती वस्तू हवी होती आणि नाही. देव्हारा आहे पण दिवा नाही, चार खुर्च्या आहेत पण चौथीवर कपड्यांचा ढीग. नेपथ्यकाराने या गोष्टी विचार करून ठेवलेल्या असतात आणि लेखकाच्या संहितेतून शोधून काढलेल्या असतात. मोकळ्या रंगमंचावर दोन ठोकळे आणि एक घोंगडी एवढंच असेल, तर नाटक तुम्हाला सांगतंय की बाकीचं तुम्ही आणा.

मग भाषा. कोण प्रमाण बोलतं, कोण मालवणी, कोण मराठवाड्याचं, आणि एकच माणूस कुणाशी बोलताना भाषा बदलतो. ‘संगीत देवबाभळी’त रंगमंचावर दोनच स्त्रिया आहेत, तुकोबांची आवली आणि लखूबाई होऊन तिची शुश्रूषा करायला आलेली रखुमाई. एकीच्या पायात काटा रुतलाय, दुसरी रुसलेली आहे, आणि दोघींची तक्रार एकाच काळ्या देवाशी जाऊन भिडते. कोणती कुठल्या शब्दांत चिडते, कोणती कुठे मवाळ होते, हे कानाने धरलं तर गोष्ट कुणी सांगावी लागत नाही.

पहिल्या दहा मिनिटांत नाटक आपले नियमही सांगून टाकतं. इथे माणसं प्रेक्षकांशी बोलतात का? मेलेला माणूस येऊन बसतो का? एकच नट तीन भूमिका करतो का? नियम एकदा कळला की मान्य करून टाका. पत्ते खेळायला बसल्यावर राजा गुलामापेक्षा मोठा का, असं कुणी विचारत नाही.

संवाद ऐकण्याची रीत

इथे थोडं थांबते, कारण नव्या लेखकाची खरी ताकद इथेच सापडते. बोलणारा तोंडाने काय म्हणतो याच्याइतकंच त्याला या क्षणी काय हवंय याकडे कान लावा. उदाहरणासाठी एक तुकडा याच लेखापुरता रचते. गिरगावातली चाळ, पुनर्विकासाला निघालेली. मोठा भाऊ तिथेच राहतो. बहीण लग्नानंतर ठाण्याला गेली, ती आज त्याची सही घ्यायला आली आहे.

भाऊ: चहा ठेवू?
बहीण: टॅक्सी खाली थांबवून ठेवलीय.
भाऊ: साखर कमीच लागते ना अजून?
बहीण: दादा, ते लोक दोन वाजता येणार आहेत.
भाऊ: आलं संपलंय. काल आणायचं राहिलं.
बहीण: (पॉज) बिनआल्याचा चालेल.



सहा संवादांत सहीचा विषय कुणी काढलेला नाही, घराचाही नाही. भावाला वेळ हवाय. चहा म्हणजे त्याचा वेळ: गॅस पेटवायचा, पाणी उकळायचं, आलं शोधायचं. बहिणीला सही हवीय आणि ती खाली उतरायच्या घाईत आहे. ती दोनदा त्याचा चहा परतवून लावते. तो ओरडत नाही. प्रत्येक वेळी चहाकडेच परततो. तिसऱ्या खेपेला त्याच्याकडे आलंही नाही, त्याचा बहाणा उघडा पडलाय. तिला सहज जिंकता आलं असतं. तिथेच ती हरते. ‘बिनआल्याचा चालेल’ म्हणजे मी बसते. प्रवेशाचं वळण या साध्या वाक्यात आहे.

हे वाक्य ऐकताना नटीकडे बघा. खांद्यावरची पर्स ती खाली ठेवते का? ठेवली तर कुठे, मांडीवर की जमिनीवर? मांडीवर ठेवली तर ती पाच मिनिटांत उठणार. जमिनीवर ठेवली, नाही तर लहानपणापासून ठरलेल्या खुंटीला अडकवली, तर ती घरी आली आहे. लेखकाने फक्त ‘(पॉज)’ लिहिलंय. पर्स नटीने शोधली किंवा दिग्दर्शकाने सुचवली. नव्या नाटकात हा शोध अजून चालू असतो, त्यामुळे तिसऱ्या प्रयोगात पर्स मांडीवर असेल आणि तिसाव्यात खुंटीवर.

घरी याचा सराव करता येतो. कुठल्याही प्रवेशाचे तीन प्रश्न: कुणाला काय हवंय, तो ते सरळ का मागत नाही, आणि प्रवेश संपताना कोण कुठे सरकलंय. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, म्हणजे प्रवेश जिथे सुरू झाला तिथेच संपला असेल, तर तुम्हाला आलेला कंटाळा योग्य आहे. तुमचं लक्ष उडालं म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

‘कळलं नाही’ याचं काय करायचं

मराठी प्रेक्षकाला नव्या नाटकाची सगळ्यात मोठी भीती हीच असते. काळ मागेपुढे जातो, गोष्ट तुटक येते, शेवट उघडा सोडलेला असतो, आणि बाहेर पडताना बायको नवऱ्याला विचारते, ‘म्हणजे नक्की काय म्हणायचं होतं?’

माझा आग्रह असा की हा प्रश्न शेवटचा ठेवा. आधी, काय दिसलं ते सांगा. ‘एक बाई अर्धा तास एकच चादर घडी घालत होती आणि दर वेळी उलगडत होती.’ असं तीन-चार वेळा दिसलेलं सांगत गेलात की बऱ्याचदा अर्थ आपसूक पुढ्यात येतो. नाही आला तरी ती चादर तुमच्याजवळ राहते. नाटकातून संदेश काढायची सवय आपल्याला शाळेतल्या ‘तात्पर्य’ लिहिण्याने लावली; चांगलं नाटक तात्पर्याच्या आधीच संपतं.

अनोळखी घाटाचं नाटक आलं की त्याचा आधार आपल्याच परंपरेत शोधा. राजकुमार तांगडे यांचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ मध्ये नंदू माधव यांच्या दिग्दर्शनाखाली आलं. रंगमंचावर जालना जिल्ह्यातल्या गावांतले कलाकार होते, त्यातले कितीतरी शेतकरी. बंदिस्त दिवाणखान्याच्या नाटकाला सरावलेल्या मुंबईकराला ते सैल वाटू शकलं असतं. पण ज्याने तमाशातली बतावणी पाहिलीय, शाहिराचा पोवाडा ऐकलाय, त्याला प्रेक्षकांशी थेट बोलणं, गाण्यातून वाद घालणं, थट्टेतून घाव घालणं हे सगळं घरचं वाटलं. नवं म्हणून आलेलं पुष्कळ काही आपल्या जुन्या पेटीतूनच निघालेलं असतं.

मध्यंतर

बटाटेवडा खा, चहा प्या. मत देऊ नका. सोबत्याला फक्त एवढंच विचारा: दुसऱ्या अंकात कुणाचं काय होईल असं वाटतं? या प्रश्नाचं उत्तर जर दोघांचं वेगळं असेल, तर लेखकाने पहिला अंक नीट बांधलाय.

कोणतं कुणाचं?

नव्या नाटकात लेखक, दिग्दर्शक आणि नट एकमेकांत मिसळलेले दिसतात. जुन्या नाटकाचे दोन-चार वेगळे प्रयोग पाहिलेले असतात, त्यामुळे तुलना करता येते. इथे ती सोय नाही. पण काही खुणा आहेत.

एखादा क्षण भिडला तर लगेच स्वतःला विचारा, तेव्हा पार्श्वसंगीत चालू होतं का? होतं तर सावध. संगीत काढून घेतलं तर क्षण उभा राहील का? तीव्र भावनेच्या प्रत्येक जागी व्हायोलिन वाजत असेल तर दिग्दर्शकाचा लेखकावर विश्वास नाही, किंवा लेखकाने तिथे पुरेसं लिहिलेलं नाही. तसंच, हशा कशाला आला तेही बघा. वाक्य पात्राच्या स्वभावातून आलं म्हणून हसू आलं असेल तर ते लेखकाचं. नटाने वाक्य संपवून प्रेक्षकांकडे बघितलं म्हणून आलं असेल, तर ते त्या रात्रीचं.

आणि भाषण. समकालीन मराठी नाटकांतला मला सगळ्यात जास्त सलणारा दोष हा. दुसरा अंक अर्धा झाला की कुणीतरी पुढे येतं, प्रकाश त्याच्यावर एकवटतो, आणि लेखक त्याच्या तोंडून आपलं म्हणणं सांगून मोकळा होतो. टाळी पडते. पण त्या टाळीच्या आधी दीड तास जे आपण पात्रांकडून मिळवलेलं असतं ते तिथे सपाट होतं. असं स्वगत ऐकताना तपासा: हेच वाक्य समोरच्या दुसऱ्या पात्राला देता आलं असतं का? देता आलं असतं तर ते कुठल्याच पात्राचं नव्हतं.

दोष दिसला की नाटक टाकून देऊ नका. पहिल्या नाटकातलं अवघड भाषण आणि त्याच नाटकातला एक निखळ प्रवेश, दोन्ही खरं असू शकतं.

नाटक सुटल्यावर

जिन्यात निकाल देऊ नका. हे मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी दादरला एका तरुण लेखिकेचं पहिलं नाटक पाहून मी बाहेर पडले आणि मैत्रिणीला म्हटलं, ‘नाही जमलं.’ मैत्रिणीने आणखी दोघींना सांगितलं, त्या गेल्याच नाहीत. आठ-दहा दिवसांनी सकाळी पाणी भरताना त्या नाटकातला एक प्रवेश डोळ्यांसमोर उभा राहिला. म्हातारे सासरे सुनेच्या चपला पायाने सरळ करून ठेवतात आणि कुणाला दिसू नये म्हणून लगेच पेपर उघडतात. दुसरं काहीच घडत नाही. त्या घराबद्दल जे मला दोन तासांत कळलं नाही असं वाटलं होतं ते सगळं त्या चपलांत होतं. पुन्हा जायचं ठरवलं तोवर नाटक बंद झालं होतं. मोजकेच प्रयोग झाले त्याचे. माझ्या त्या दोन शब्दांनी ते बंद पडलं असं मी म्हणत नाही, पण त्या रिकाम्या खुर्च्यांत दोन माझ्यामुळे रिकाम्या होत्या.

तेव्हापासून मी एक रीत पाळते. दादरहून मुलुंडपर्यंत स्लो लोकलने पाऊण तास मिळतो. त्यात छोट्या वहीत फक्त दिसलेल्या आणि ऐकलेल्या दहा गोष्टी लिहिते. मत एकही नाही. आठवड्याने ती वही उघडते आणि दहापैकी कोणत्या दोन-तीन न वाचता आठवतात ते बघते. त्यावरून नाटकाबद्दलचं माझं मत ठरतं. ज्याला विचारायचं असेल त्याला तेव्हाच सांगते.

रंगपटात जाऊन कलाकारांना भेटायची आपल्याकडे चांगली प्रथा आहे. संकोच करू नका. लेखक किंवा लेखिका तिथे असेल तर जरूर भेटा. बहुतेक लोक नटांभोवती असतात आणि लेखक भिंतीला टेकून उभा असतो. ‘छान झालं’ म्हणून निघू नका. एक नेमकी जागा सांगा: ‘ताई, त्या चपलांच्या प्रवेशाला मी श्वास घेतला नाही’, किंवा ‘दादा, दुसऱ्या अंकात मुलगा परत का आला ते माझ्यापर्यंत पोचलं नाही.’ मोठ्या शब्दांपेक्षा अशा वाक्याचा लेखकाला उपयोग होतो, कारण नाटक अजून ओलं आहे आणि उद्या तालीम आहे.

दुसऱ्यांदा, आणि मग संहिता

दुसऱ्यांदा जाताना खुर्ची बदला. पहिल्यांदा मध्ये बसला असाल तर आता बाजूला किंवा वर. आणि यावेळी बोलणाऱ्याकडे बघू नका, ऐकणाऱ्याकडे बघा. शेवट ठाऊक असल्यामुळे पहिल्या अंकातली साधी वाक्यं वेगळी ऐकू येतात. ‘चहा ठेवू?’ हे वाक्य पहिल्यांदा पाहुणचार वाटलं होतं. आता ती विनवणी आहे हे पहिल्याच अक्षराला कळतं.

नाटक छापून आलं असेल तर संहिता घ्या. दादर पश्चिमेला छबिलदास शाळेच्या रस्त्यावर आयडियलमध्ये नाटकांची पुस्तकं मिळतात. त्याच शाळेच्या सभागृहात १९७४ पासून आविष्कार आणि इतर संस्थांनी नवी, कुणी न पाहिलेली नाटकं केली आणि मोजक्या प्रेक्षकांनी ती पाहिली. छबिलदास चळवळ म्हणून आपण जिचं नाव घेतो ती या सभागृहात घडली. एखादं पुस्तक घेऊन त्या इमारतीसमोर घटकाभर उभं राहावंसं मला अजूनही वाटतं.

संहिता मनातल्या मनात वाचू नका. घरात आणखी कुणी असेल त्याला बसवा, भूमिका वाटून घ्या आणि एक प्रवेश मोठ्याने वाचा. रंगमंचावर ऐकलेला नटाचा स्वर आपोआप तोंडात येईल; तो बाजूला ठेवून त्याच वाक्याला दुसरा स्वर लागतो का ते करून बघा. लागला तर त्या वाक्यात अजून जागा आहे. माझ्याकडच्या अशा दोन-तीन पुस्तकांत समासात पेन्सिलीने तारखा आहेत, कुठल्या प्रयोगाला कुठल्या वाक्यावर काय पाहिलं त्याच्या. एका ‘(पॉज)’शेजारी तीन तारखा आहेत. तिन्ही वेळा तो वेगळा होता.